मामांचा गाळा आणि मॉलचं गणित

“काहून रे, बर्डीत पाय ठेवायला जागा नाही, अन् माझ्या गाळ्यासमोर कुत्रं फिरकत नाही. दोन्ही नागपुरातच आहे न?”

बर्डी म्हणजे सीताबर्डी, नागपूरची गजबजलेली बाजारपेठ. मामांनी हा प्रश्न विचारला त्याला बरीच वर्षं झाली. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी शहरातल्या एका मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोनशे चौरस फुटांचा गाळा विकत घेतला होता. माहितीपत्रकात काचेची लिफ्ट होती, कारंजं होतं, दरमहा खात्रीचं भाडं होतं. पहिली दोन वर्षं भाडं आलंही. मग भाडेकरू गेला, मग समोरचं दुकान गेलं, मग सरकता जिना बंद पडला. त्यानंतर महिन्याच्या महिन्याला येत राहिलं ते फक्त मेंटेनन्सचं बिल.

मी काही वर्षं मॉलमधल्या जागा भाड्याने लावून देण्याच्या कामात होतो. नकाशे वाचले, ब्रँडवाल्यांच्या बैठकांना बसलो, रिकामे मजले पाहिले. तरी त्या दिवशी मी मामांना ‘सध्या मार्केट थंड आहे’ असं गुळमुळीत उत्तर दिलं, याची मला अजून खंत वाटते. खरं उत्तर लांब आहे, पण अवघड नाही. मामांसारखे गाळे घेऊन बसलेले लोक विदर्भात पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बहुतेक ‘ऑनलाइनवाल्यांनी मारलं’ एवढ्यावर येऊन थांबतात. म्हणून आज ते उत्तर पहिल्यापासून सांगतो.

वारांचे बाजार

बाजार म्हणजे काय हे नागपूरला शिकवायची गरज नाही. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी अशी आपल्या वस्त्यांना नावंच वारांची. आठवडी बाजार चालतो तो एकमेकांच्या भरवशावर. कांदेवाल्याला खात्री असते की गिऱ्हाईक येणार, गिऱ्हाइकाला खात्री असते की कांदेवाला येणार, आणि या दोघांच्या जिवावर मसालेवाला शेजारी पाल टाकतो. कोण कुठे बसणार हेही ठरलेलं असतं. भाजीची ओळ वेगळी, कपड्यांची वेगळी, मिरची-मसाल्याची त्याहून वेगळी.

मॉलमध्ये हाच भरवसा कायमचा बांधून घातलेला असतो: रोजच्या रोज, एका छताखाली, एका मालकाच्या हुकमाने. यातले शेवटचे तीन शब्द नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्यांच्याभोवतीच फिरणार आहे. आपण मॉलला इमारत समजतो. धंद्याच्या हिशेबात मॉल हे एकच मोठं दुकान असतं आणि त्याचे कप्पे वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना भाड्याने दिलेले असतात.

सेलूची मावशी कुठे जाईल?

मॉल बांधणारा सगळ्यात आधी विचारतो की माणूस किती लांबून येईल. अमेरिकेतल्या व्यापाराने यासाठी आकारांची उतरंड ठरवून टाकली आहे. गल्लीतल्या चार दुकानांचं छोटं केंद्र तळाशी असतं. साधारण ४ ते ८ लाख चौरस फुटांच्या मॉलला ते प्रादेशिक मॉल म्हणतात आणि त्याचं गिऱ्हाईक ५ ते १५ मैलांच्या, म्हणजे ८ ते २४ किलोमीटरच्या टापूतून येतं असं धरतात. त्याच्या वर महाप्रादेशिक.

आपल्याकडे हा टापू बराच मोठा निघतो. माझ्या मावशीचं घर वर्धा जिल्ह्यातल्या सेलूला. दूध, भाजी, औषध सेलूतच. शाळेच्या वह्या, चपला, मिक्सरची दुरुस्ती वर्ध्याला. पण लग्नाचा बस्ता आणि सोनं म्हटलं की गाडी नागपूरलाच निघणार. गांधीबाग आणि इतवारी पालथी घातल्याशिवाय बस्ता बांधला असं कोणी म्हणणारच नाही. वस्तू जितकी महाग, जितकी पारखून घ्यायची आणि जितकी क्वचित लागणारी, तितका माणूस लांब जातो.

या ओढीचं एक सूत्र आहे. विल्यम रायली या अमेरिकी अभ्यासकाने १९३१ मध्ये ते मांडलं. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखंच दिसतं: शहर जितकं मोठं तितकी ओढ जास्त, आणि अंतर वाढलं की ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते. आपल्या भागावर लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास होती आणि वर्ध्याची १ लाख ६ हजार. मधलं अंतर सुमारे ७५ किलोमीटर. सूत्रात आकडे घातले की वर्ध्याची ओढ वर्ध्यापासून जेमतेम १३ किलोमीटरवर संपते आणि तिथून पुढे नागपूर खेचायला लागतं. म्हणजे सेवाग्राम वर्ध्याचं, सेलू नागपूरचं. मावशीने रायलीचं नावही ऐकलेलं नाही, पण तिच्या बस्त्याची गाडी त्याच्या सूत्राप्रमाणेच वळते. अमरावतीसाठी हेच केलं तर रेष अमरावतीपासून पन्नासेक किलोमीटरवर, तळेगाव-तिवसा पट्ट्यात पडते. उत्तरेला छिंदवाडा, शिवनी, बालाघाट आणि पूर्वेला भंडारा, गोंदिया आहेतच. जबलपूर आणि रायपूर अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. एवढ्या मुलखात दुसरं मोठं शहर नाही, ही नागपूरच्या व्यापाराची खरी पुंजी आहे.

सूत्र अर्थातच ढोबळ आहे. त्यात रस्त्याची अवस्था नसते, एसटीच्या वेळा नसतात, कोणत्या गावात कोणाची सोयरीक आहे हे नसतं. पण त्यातून एक गोष्ट कळते. याच ओढीच्या आशेवर नागपुरात मॉल आखले गेले. गिऱ्हाईक कमी पडलं म्हणून ते ओस पडले असं म्हणायला हा हिशेब तरी साथ देत नाही.

थंडीत उगवलेली कल्पना

आज आपण ज्याला मॉल म्हणतो त्याचा पहिला नमुना ८ ऑक्टोबर १९५६ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, इडायना नावाच्या उपनगरात उघडला. नाव साउथडेल. बांधणारा व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुविशारद. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर तो अमेरिकेत आला. तिथे पाहतो तर गावं पसरट आणि रस्ते मोटारींचे. माणसाने पायी फिरावं, भेटावं, बसावं असा चौकच कुठे नाही. व्हिएन्नाचे चौक त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. मिनेसोटाचा हिवाळा हाडं गोठवणारा आणि उन्हाळाही तापणारा, म्हणून त्याने चौकावर छतच घातलं आणि आतलं तापमान बारा महिने २४ अंशांच्या आसपास ठेवलं. ७२ दुकानं, बाहेर ५,२०० गाड्यांचा तळ, मधोमध झाडं आणि पक्ष्यांचा पिंजरा असलेला बागेचा चौक. एकमेकांची स्पर्धक असलेली दोन मोठी दुकानं त्याने दोन टोकांना बसवली, हे त्या काळात धाडसच होतं.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी चारला मॉलमध्ये आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आजी बाकावर, पोरं जिन्यावर, आणि खरेदी म्हणाल तर एक आइस्क्रीम. दुकानदार त्यांच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहायचे. मला ती माणसं नेहमीच आपली वाटली. ग्रुएनला जे हवं होतं ते तीच तर करत होती.

ग्रुएनच्या मूळ आराखड्यात साउथडेलभोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग आणि तळं होतं. बांधला गेला तो फक्त मॉल. बाकीच्या जमिनीच्या किमती चढल्या आणि ती तुकड्यांनी विकली गेली. त्याच सुमारास, १९५४ मध्ये, अमेरिकेने करकायदा बदलला होता: नव्या इमारतीचा घसारा सुरुवातीच्या वर्षांतच जास्त दाखवता येऊ लागला. सोप्या शब्दांत, इमारत बांधली की पहिल्या काही वर्षांत कागदावर तोटा दिसायचा आणि कर वाचायचा. मग पैसेवाले शहराबाहेरच्या मोकळ्या शेतांत मॉल बांधत सुटले, गिऱ्हाईक असो वा नसो. ग्रुएन पुढे या सगळ्याला इतका विटला की आपण मॉलचे जनक आहोत हेच त्याने नाकारलं, आणि उतारवयात तो व्हिएन्नाला परतला.

करसवलतीचा हा धडा आपल्यालाही लागू पडतो. महाराष्ट्राने २००१ मध्ये नव्या मल्टिप्लेक्सना पहिली काही वर्षं करमणूक करात मोठी सूट दिली. आपल्याकडच्या त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक मॉलच्या डोक्यावर मल्टिप्लेक्स का बसलं, याचं एक मोठं कारण तिथे आहे. ज्या नागपुरात व्हरायटी टॉकीजवरून चौकाला नाव पडलं, तिथे सिनेमा चौक सोडून चौथ्या मजल्यावर गेला.

भाडं सगळ्यांना सारखं नसतं

मामांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते या भागाचं. मॉलमध्ये सगळ्यात मोठं दुकान चौरस फुटामागे सगळ्यात कमी भाडं देतं.

समजा, एका मॉलमध्ये ६०,००० चौरस फुटांचं मोठं कपड्यांचं किंवा किराण्याचं दुकान आहे. याला अँकर म्हणतात, कारण त्याच्यामुळे मॉल जागेवर धरून राहतो. ते फुटामागे ३५ रुपये देतं. त्याच्या वाटेवर ४०० चौरस फुटांचं घड्याळाचं दुकान आहे, ते फुटामागे १५० रुपये देतं. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) हा अन्याय वाटतो, पण घड्याळवाला खुशीने देतो. घड्याळ घ्यायला म्हणून घरून फारसं कोणी निघत नाही. लोक निघतात महिन्याचा किराणा भरायला किंवा दिवाळीचे कपडे घ्यायला, आणि जाता जाता काचेआडचं घड्याळ पाहून थांबतात. ते चौपट भाडं म्हणजे त्या जाता-येताच्या गर्दीची किंमत.

म्हणून मॉलचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा मांडावा लागतो. अँकर टोकाला, म्हणजे त्याच्याकडे जाताना सगळी छोटी दुकानं ओलांडावी लागतील. सिनेमा आणि खाण्याची दुकानं वर, म्हणजे वर जाणारा प्रत्येक माणूस मधले मजले पाहत जाईल. मुलांच्या कपड्यांशेजारी खेळणी. सोन्याजवळ मोबाइलची कव्हरं चालत नाहीत. चढता आणि उतरता सरकता जिना दोन वेगळ्या टोकांना ठेवतात तोही याचसाठी. मजल्यावरून थोडं चालायला लागावं. भाड्याचा करारही वेगळा असतो: ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीतला काही टक्के वाटा, यातलं जे जास्त असेल ते. त्यामुळे दुकानदाराची विक्री वाढावी असं मालकालाही मनापासून वाटतं. तो जाहिरात करतो, संक्रांतीला पतंग लावतो, स्वच्छतागृह झक्क ठेवतो, आणि न चालणारं दुकान वर्षभरात बदलतो.

हे सगळं जमतं कारण पट एकाच्या हातात असतो.

दोनशे गाळे, दोनशे धनी

आता मामांच्या मॉलकडे येऊ. बांधणाऱ्याने जागा भाड्याने दिल्या नाहीत, गाळे करून विकल्या. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत देशभर असे पुष्कळ मॉल उभे राहिले. बिल्डरच्या बाजूने पाहिलं तर कारण समजतं. मॉल भाड्याने चालवायचा तर कर्जाचं व्याज भरत पंधरा वर्षं धीर धरावा लागतो. गाळे विकले की बांधकाम चालू असतानाच पैसे हातात. आणि आपल्याकडे ‘स्वतःचा गाळा’ या शब्दांना केवढं वजन आहे! इतवारीतल्या गाळ्याने कोणाच्या तीन पिढ्या पोसलेल्या आपण पाहिलेल्या असतात.

पण इतवारीतला गाळा रस्त्यावर आहे. शेजारचं दुकान बंद असलं तरी रस्ता वाहतोच. मॉलमधल्या गाळ्यासमोर रस्ता नसतो, बोळ असतो. त्या बोळातली गर्दी कोणीतरी रोज तयार करावी लागते. ती करायची कोणी? दोनशे मालक. त्यांतला एक पुण्यात, एक दुबईत, एकाचा भावाशी वाटणीचा दावा चालू, आणि दहा जणांनी फक्त किंमत वाढेल म्हणून घेऊन कुलूप लावलेलं. मोठा ब्रँड येतो आणि सलग वीस हजार चौरस फूट मागतो. त्यासाठी शंभर गाळे जोडावे लागतात, आणि एक्क्याण्णव जण हो म्हणाले तरी नऊ जण अडून बसतात. मी अशा बैठकांत बसलो आहे. तिथे कोणी वाईट माणूस नसतो. प्रत्येकाचं आपल्यापुरतं बरोबर असतं आणि मॉल मात्र बुडत असतो.

मग घसरण लागते, आणि तिचा क्रम ठरलेला आहे. अँकर जातो. त्याच्या जिवावर आलेले छोटे भाडेकरू भाडं कमी करून मागतात किंवा निघतात. रिकाम्या गाळ्यांचे मालक मेंटेनन्स थकवतात. पैसा नाही म्हणून आधी एसी दुपारपुरताच, मग सरकता जिना बंद, मग एकाआड एक दिवे. अंधारात बाया-पोरांना घेऊन कोण येईल? मग सिनेमावालाही हलतो.

यात ऑनलाइन खरेदीचा वाटा आहेच. मोबाइल, टीव्ही, पुस्तकं ही मॉलची कमाईची दुकानं तिने पातळ केली. करोनाने दुसरा घाव घातला: महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये बंद झालेले मॉल ५ ऑगस्टला उघडले, तेही सिनेमाशिवाय. त्यानंतर २०२२ मध्ये बिग बझार चालवणारा फ्युचर समूह कोसळला आणि कित्येक मॉलचा मुख्य भाडेकरू एका फटक्यात नाहीसा झाला. पण हे तिन्ही तडाखे सगळ्या मॉलना सारखेच बसले. ज्यांचा धनी एक होता त्यांनी सहा-आठ महिन्यांत पट नव्याने मांडला. ज्यांचे धनी दोनशे होते ते बैठकीची तारीखच ठरवत राहिले.

एम्प्रेस मिलची जमीन

जागेचा पुनर्जन्म ही नागपूरला नवी गोष्ट नाही. गांधीसागर तलावाजवळचा एम्प्रेस मॉल जिथे आहे ती जमीन एम्प्रेस मिलची. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्या दिवशी, गिरणी सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का, असं लोक विचारत. कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा जवळ, आणि रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोहोचली होती. जमीन दलदलीची होती, ती भरून घ्यावी लागली. एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला होता, कारण हा माणूस सोनं जमिनीत पुरतो आहे असं त्याला वाटलं. गिरणी चालल्यावर त्यानेच कबूल केलं की टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोनं काढलं. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये गिरणी टाटांच्या हातून सुटली. मग राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवली आणि २००२ मध्ये ती बंद झाली.

हे सांगण्याचं कारण असं की जागा टिकते ती तिथे रोज येण्याचं कारण असलं तर. भोंगा झाला की हजारो माणसं त्या फाटकातून आत जायची, कारण तिथे त्यांची भाकरी होती. मुंबईत १९०५ च्या फिनिक्स मिलच्या आवारात असंच स्थित्यंतर झालं. तिथे मूळ कंपनीने जागा आपल्या हातात ठेवून भाड्याने दिल्या आणि वीस-पंचवीस वर्षं दुकानं, हॉटेलं, कार्यालयं बदलत नेली. या जमिनींवर घाम गाळलेल्या गिरणी कामगारांच्या वाट्याला यातलं काय आलं, हा प्रश्न मला कोणत्याही मॉलच्या झगमगाटात विसरता येत नाही. तो या लेखात मावणारा नाही, पण तो मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही.

ओस मॉलचं काय करता येतं

पहिली पायरी मालकीची. गाळेधारकांनी मिळून एक कंपनी किंवा संस्था करायची, आपापल्या गाळ्याचा भाड्याने देण्याचा हक्क तिच्याकडे सोपवायचा आणि भाडं क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घ्यायचं. मालकी प्रत्येकाची राहते, हुकूम एकाचा होतो. सांगायला दोन वाक्यं, करायला दोन वर्षं. नव्याने पैसे गुंतवणाऱ्यांसाठी दुसरी वाटही आता आहे. मे २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हा किरकोळ विक्रीच्या जागांचा देशातला पहिला रीट, म्हणजे भाड्याच्या मालमत्तांचा गुंतवणूक ट्रस्ट, शेअर बाजारात आला, त्यात १७ मॉल होते. रीटमध्ये तुम्ही गाळा घेत नाही. सगळ्या मॉलांच्या एकत्रित भाड्यातला छोटा हिस्सा घेता, आणि वाटण्याजोग्या रोख उत्पन्नाचा निदान ९० टक्के भाग रीटला वाटावाच लागतो. भाव तिथेही खाली-वर होतो. पण मामांना २००८ साली कोणी हा फरक समजावून सांगितला असता तर!

दुसरी पायरी वापराची. मॉलचा मजला खोल असतो, मधल्या भागाला खिडकी नसते. म्हणून तिथे घरं करणं अवघड. पण रुंद बोळ, मोठ्या लिफ्ट, जनरेटर, भरपूर पार्किंग ही मॉलची हाडं दवाखान्याला आणि शिक्षणाला चपखल बसतात. अमेरिकेत नॅशव्हिलच्या वन हंड्रेड ओक्स मॉलमध्ये वरच्या मजल्यावर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाने बाह्यरुग्ण विभाग आणले. खालची दुकानं तशीच चालू राहिली. ऑस्टिनमध्ये १९७१ चा हायलँड मॉल कम्युनिटी कॉलेजने विकत घेतला आणि जिथे कपड्यांचं मोठं दुकान होतं तिथे विद्यार्थी संगणकांपुढे बसले. डेन्व्हरजवळ लेकवूडला तर १९६६ चा व्हिला इटालिया मॉल पाडून त्या जागी रस्ते, घरं, दुकानं असलेली साधी शहरी वस्ती केली, बेलमार नावाची. खुद्द साउथडेलच्या आवारात आता घरं आहेत, हॉटेल आहे, आणि एका अँकरच्या जागी भलीमोठी व्यायामशाळा. ग्रुएनच्या आराखड्यातून गळलेल्या गोष्टी साठ वर्षांनी एकेक करून परत येत आहेत.

इथे एक गोष्ट मी जीव तोडून सांगतो. २५ मार्च २०२१ च्या रात्री मुंबईत भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली. वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय होतं. धूर चढला आणि रुग्णांचे जीव गेले. मॉलचा वापर बदलताना खालच्या रिकाम्या गाळ्यांत काय पडलेलं आहे, जिने मोकळे आहेत का, पंपात पाणी आहे का, हे आधी पाहायचं आणि रंगरंगोटी नंतर. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावा लागतो. दोनशे धन्यांच्या मॉलमध्ये हा दाखला कोणाच्या टेबलावर आहे, हे विचारून पाहा. मजल्यावर दवाखाना किंवा क्लास आणायचा तर मंजूर नकाशातला वापर बदलून घेणं, पार्किंगचा हिशेब नव्याने करणं हेही ओघाने आलंच.

तिसरी गोष्ट मला बर्डीने शिकवली. बर्डीच्या मुख्य रस्त्यावर फेरीवाले आहेत, मोदी नंबर एक-दोन-तीनच्या गल्ल्या आहेत, वर मेट्रोच्या दोन्ही मार्गांचं अदलाबदलीचं स्टेशन आहे. दहा रुपयांची क्लिप घ्यायला आलेली मुलगी शेजारच्या दुकानात हजाराचा ड्रेस पाहते. बर्डीचा अँकर ही अशी हजार पायांची गर्दीच आहे. आपल्या जुन्या मॉलनी रस्त्याकडे पाठ केली: बाहेर काच किंवा पत्रा, दुकानांची तोंडं आत, आणि फाटकाशी बॅगेची झडती. त्या काचा काढून तळमजल्याची दुकानं फुटपाथवर उघडली तरी मॉलचा अर्धा आजार बरा होतो, असं माझं अनुभवाचं मत आहे. मुंबईत १९९९ मध्ये क्रॉसरोड्स उघडला तेव्हा सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. तो मॉलही त्या रूपात टिकला नाही.

मामांचा मजला

मामांच्या मॉलमध्ये शेवटी दुसऱ्या मजल्यापुरतंच जमलं. सेहेचाळीस गाळेधारकांपैकी एक्केचाळीस जणांनी करारावर सह्या केल्या, बाकीचे पाच गाळे एका कोपऱ्यात येतील असा नकाशा आम्ही फिरवला. मधल्या भिंती गेल्या. आग विझवण्याची पाइपलाइन दुरुस्त होऊन दाखला मिळेपर्यंत आठ महिने गेले, आणि त्या काळात मामांनी मला रोज फोन केला. आता तिथे ऑनलाइन परीक्षांचं केंद्र आणि दोनशे खुर्च्यांची अभ्यासिका आहे. खिडक्या नसलेला शांत, थंड हॉल परीक्षेला बरा पडतो. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळहून पोरं येतात. तळमजल्यावर आधी चहावाला आला, मग पोहे-तर्रीवाला, मग मेसचा डबा देणाऱ्या दोघी बहिणी. भाडं माहितीपत्रकातल्या आकड्याच्या एक तृतीयांश आहे, पण ते दर महिन्याच्या सात तारखेला येतं. सरकता जिना अजून बंदच आहे. पोरं तो पायऱ्यांसारखा दोन-दोन ओलांडत चढतात.

मागच्या महिन्यात मामांचा पुन्हा फोन आला.

“खालचा एक झेरॉक्सवाला विचारत होता. जिन्याजवळ सहा फूट जागा दे म्हणते, एक मशीन मावली पाहिजे. समितीत विचारू का?”

“विचारा, मामा,” मी म्हटलं. “परीक्षा जवळ आल्या आहेत, या आठवड्यातच विचारा.”